उंटावरचा फोटो

ट्युनिशियाच्या सुट्टीत डॉक्टर शशिधर तापानं हॉटेलवरच पडून राहिले, म्हणून त्यांची बायको उल्का एकटीच अर्ध्या दिवसाच्या वाळवंटाच्या सहलीला गेली. इंग्लंडमध्ये वॉटफर्डला घरी परतल्यावर फोटो धुऊन आले. एकात मावळत्या उन्हात ती उंटावर बसून खळखळून हसत होती.

"हा कुणी काढला?"

"उंटवाल्यानं."

"तरुण होता?"

"तुमच्याच वयाचा असेल."

शशिधरनी कपाटातले सगळे अल्बम काढले. वीस वर्षांचे फोटो, सगळे त्यांनीच काढलेले. एकातही ती अशी हसत नव्हती.

रात्री जेवताना त्यांनी विचारलंच, "काय म्हणाला तो एवढं?"

"काहीच नाही," उल्का म्हणाली. "तुम्ही दर वेळी म्हणता, पोट आत घे."