रेवाची लस

पाच वर्षांच्या रेवाच्या दंडात लसीची सुई शिरली, तरी ती रडली नाही.

"किती गं शहाणी!" नर्सबाई म्हणाल्या.

तिच्या आईची, वृषालीची नजर मात्र स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्यावर होती. मुलीला सांभाळणारं दुसरं कुणी नाही, म्हणून कोर्टाने तिला तुरुंगाऐवजी घरीच शिक्षा भोगायला सांगितलं होतं. रेवा रडली की पट्टा ते टिपायचा. एका महिन्यात दहा वेळा रडली, तर आई तुरुंगात आणि मुलगी बालगृहात. या महिन्यात नऊ वेळा रडून झालं होतं.

"अगं, दुखलं तर रडावं की थोडं," नर्सबाई कापूस दाबत म्हणाल्या.

रेवाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, मग हात काढून ती म्हणाली, "आत्ता नाही, मावशी. एक तारखेला रडणार आहे."