पाणी आलं

"आता हे वाचन बंद, कृष्णातदादा. सोमवारपासून तपासणी नवं सॉफ्टवेअरच करणार," विजयसिंह म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. पडदा हिरवागार होता. दोष : शून्य.

कृष्णातनं मान खाली घालून ऐकून घेतलं. विजयसिंहांच्या राजारामपुरीतल्या या कंपनीत तो सतरा वर्षं एकच काम करत आला होता. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासायचा. तपासायची त्याची रीतही अशी, की नव्या माणसाला हसू आवरू नये. संगणकाच्या भाषेतली एकेक ओळ तो मोठ्यानं वाचायचा, आणि तीही चक्क कोल्हापुरीत. "नाव लिवलंय? व्हय. मग फुडं जावा. न्हाय? मग परत इचारा." पोरंपोरी त्याला पाठीमागं 'पारायण' म्हणत. पण ज्या ओळीचं सरळ मराठी होत नाही तिच्यात घोळ असतो, हे त्याचं म्हणणं आजवर एकदाही खोटं ठरलं नव्हतं. माणूस हट्टी खरा, पण कान असावा तर असा. आता सोमवारपासून त्या कानाला काम उरणार नव्हतं.

आजचा कोड पवित्राचा होता. दोन वर्षांपूर्वी तिनं शहरातल्या नळाच्या तक्रारींसाठी वेबसाइट बनवली होती आणि ती चांगलीच गाजली होती. नळ कोरडा पडला की तक्रार नोंदवायची. पाणी सुटलं की मोबाइलवरून दोनच शब्द पाठवायचे, 'पाणी आलं'. लगेच उत्तर यायचं, 'आपली तक्रार मिटली. धन्यवाद!' आणि तक्रार यादीतून निघून जायची. लोक खूश होते.

त्याच वेबसाइटला आता शिरोळकडच्या नदीकाठच्या गावांसाठी पुराच्या मदतीची सोय जोडली होती. गावातल्या माणसानं निरोप पाठवायचा, तो मदतपथकाच्या यादीत दिसायचा आणि बोट निघायची. पाच वाजता ही सोय सुरू होणार होती. जुलै सरत आला होता आणि नदी पात्राबाहेर पडायच्या बेतात होती.

काम पवित्रानं सुरेख केलं होतं, यात शंका नाही. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हा चांगल्या कोडचा नियम. म्हणून निरोप वाचणारा भाग तिनं नव्यानं लिहिला नव्हता. नळाचाच पुराला जोडला होता. त्याबद्दल सॉफ्टवेअरनं तिला वर जास्तीचे गुणही दिले होते.

"एवढं शेवटचं वाचतो की, साहेब," कृष्णात म्हणाला.

"पाचला दहा कमी आहेत."

"दहा मिन्टं लई झाली."

विजयसिंह हसले आणि बरं म्हणाले. शेवटचं पारायण ऐकायला निम्मी कचेरी भोवती जमली. कृष्णातनं चष्मा पुसला आणि सुरू केलं.

"निरोप आला का? आला. कुठनं आला? गावातनं. निरोपात 'पाणी आलं' असं हाय का? व्हय. मग..."

तो थांबला. तीच ओळ त्यानं पुन्हा वाचली, जरा हळू. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"काय झालं?" विजयसिंहांनी विचारलं.

"ती ओळ बरोबर आहे, दादा," पवित्रा जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "दोन वर्षं चालतेय. आणि पुरासाठी आम्ही साठ निरोप पाठवून बघितले. 'बोट पाठवा', 'मदत हवी'. सगळे बरोबर पोचले."

"ते साठ निरोप लिवले कुणी?"

"आम्हीच, ऑफिसातल्यांनी."

"म्हंजे समदी नळाचं पाणी पिणारी," कृष्णात म्हणाला.

पुढं त्यानं वाद घातला नाही. खिशातून मोबाइल काढला, नदीकाठच्या गावी दिलेल्या थोरल्या बहिणीचा नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"आक्का, पाणी आलं," तो एवढंच म्हणाला.

पलीकडं काहीतरी भांडं आदळलं.

"अगं आई! ऋत्या, म्हशी सोड! आजीला उचल, माडीवर न्हे! पाणी आलं रं, पाणी आलं!"

"आक्का, थांब, थांब! न्हाय आलं! हितं कामापायी बोललो."

"मुडद्या, असलं बोलत्यात व्हय? जीव गेला की माझा!" आक्कानं फोन आपटला.

पवित्रा खाली बसली, तिनं चाचणीचं पान उघडलं आणि एका गावाच्या नावानं तेच दोन शब्द पाठवले. क्षणात उत्तर आलं. 'आपली तक्रार मिटली. धन्यवाद!' मदतपथकाच्या यादीत ते गाव दिसलंच नाही. भिंतीवरचा पडदा अजून हिरवागारच होता.

नळ आणि पूर तिनं वेगळे केले, पुराचा भाग नव्यानं लिहिला आणि पुन्हा तेच दोन शब्द पाठवले. या वेळी ते गाव यादीत सगळ्यात वर, लाल अक्षरांत आलं.

कृष्णातनं चष्मा खिशात ठेवला आणि डबा पिशवीत घातला. त्याच्या मते त्याचं काम झालं होतं.

विजयसिंहांनी एव्हाना फोन करून पाचची वेळ सातवर ढकलली होती. मग त्यांनी स्वतः एक खुर्ची ओढली आणि ते कृष्णातच्या शेजारी बसले.

"दादा," ते म्हणाले, "पुढची ओळ वाचा."