नववा सर्व्हर

आठ वाजून दोन मिनिटांनी गौतमीच्या पडद्यावरचे आठ सर्व्हर लाल झाले. नववा मात्र हिरवाच होता.

एका मोठ्या रुग्णालयाची नोंदणीची वेबसाइट तिची कंपनी जयपूरमधून सांभाळत असे. रोज सकाळी आठला नोंदणी उघडली की हजारो लोक तुटून पडत. गर्दी वाढेल तसे नवे सर्व्हर आपोआप सुरू होत आणि लोड बॅलन्सर आलेल्यांना त्यांच्यात वाटून देई. कंपनीच्या संचालकांनी ही वाढ आठावर अडवली होती. आठ भरले की उरलेल्यांना एकच ओळ दिसे: थोड्या वेळाने प्रयत्न करा.

गौतमीचे बाबा ती ओळ तीन महिने वाचत होते. भीमराव रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरच्याच खातीपुऱ्यात राहत. मोतीबिंदूमुळे फोन नाकाशी धरून रोज आठला बसत. पोरीनं ऑफिसातून काही जमवावं, असं त्यांनी एकदाही सुचवलं नव्हतं. रांग ती रांग, एवढंच म्हणत.

मग हा नववा कुणासाठी? गौतमीनं नियम उघडले. आत बेचाळीस मोबाइल नंबर होते, नावं नव्हती. त्या नंबरांवरून कुणी आलं की ते थेट नवव्यावर जाई. तिनं मागच्या नोंदी काढल्या. तेच नंबर आठवड्यातून दोनदा, काही तीनदा, आणि दर वेळी नोंदणी पक्की.

दलाल. दुसरं कोण इतक्या वेळा दवाखान्यात जाईल? नियम लिहिणारा परीक्षित होता, तिचा टीम लीड. त्यानंच तिला हे काम शिकवलं होतं आणि रोज दुपारी त्याच्या डब्यातली चटणी ती हक्कानं खात होती.

तिनं त्याला जागेवर बोलावलं. माउस हातात घेऊन तो यादी खालपर्यंत पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, हे आणखी कुणाला दाखवलंस का?

"आधी हे काय आहे ते सांगा, सर."

"काही माणसांना थांबता येत नाही, गौतमी."

एवढ्या निर्लज्जपणाची तिला अपेक्षा नव्हती. त्यानं दोन दिवस मागितले, तोवर काहीतरी सोय करतो म्हणाला. पुरावे पुसायची सोय, तिनं मनात म्हटलं. तो गेल्यावर तिनं माउस पुसला आणि जाऊन हात धुतले. दुपारी ती जेवली नाही.

संध्याकाळच्या आत सगळ्या नोंदी संचालकांकडे पोहोचल्या. त्यांनी परीक्षितला बोलावून घेतलं आणि अर्ध्या तासात त्याचं ओळखपत्र जमा झालं. त्यानं स्वतःची बाजू मांडली नाही म्हणे. जाताना तो तिच्या टेबलाशी थांबला, पण तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं कमी असताना तिनं तो नियम स्वतःच्या हातानं काढून टाकला. आता नववा सर्व्हर सगळ्यांचा होता. सव्वाआठला बाबांचा फोन आला. नंबर लागला होता. फोन ठेवून तिनं कालपासून पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

दहा वाजता संचालकांनी तिचं कौतुक केलं आणि त्या बेचाळीस जणांचे जबाब फोनवरून घ्यायला सांगितलं. तिनं वही उघडली, पहिला नंबर लावला. काय काय विचारायचं ते तिनं लिहूनच ठेवलं होतं.

फोन जयपूरजवळच्या बगरूच्या एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. कंपनीचं नाव ऐकताच ती घाईनं बोलू लागली.

"परीक्षितभैयांच्या ऑफिसातून ना? बरं झालं, बेटी. सकाळपासून पान उघडत नाही. वरच्यांनी डायलिसिसवाल्यांसाठी वेगळी रांग द्यायला नकार दिला, म्हणून भैयांनी आम्हाला गुपचूप वाट करून दिली होती. मी कुणाला सांगितलं नाही, खरंच. आज ह्यांची पाळी आहे, आणि त्यांना श्वास घेता येत नाहीये."