एकमताने

"भाषा खुली केली तर उद्या कुणीही सोम्यागोम्या तिच्यात हात घालेल," खंडेराव माइकवर म्हणाले आणि बोईसरच्या त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

ज्ञानेश्वरीने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. तारापूरच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे हे सगळे मालक; खंडेराव त्यांचे अध्यक्ष आणि ती ज्यांच्याकडे नोकरी करायची ते. ज्या प्रोग्रामिंग भाषेवर त्यांची दुकानं चालायची, ती सगळ्यांसाठी खुली करावी का, म्हणजे तिचा आतला कोड कुणालाही बघता-बदलता यावा का, असं ती बनवणाऱ्या कंपनीने विचारलं होतं. यांच्यातल्या निम्म्यांनी त्या भाषेत उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. मत मात्र प्रत्येकाला होतं.

ती उठली. "सर, त्या भाषेत मराठी जोडाक्षरं फुटतात. कारखान्यात वायुगळती झाली तेव्हा आपण बसवलेल्या पाटीवर 'पश्चिमेच्या दरवाज्याने बाहेर पडा' हे कुणालाच वाचता आलं नाही. तिथे झाडलोट करणारी काशीबाई पाटीखाली उभी राहून अक्षरं लावत बसली. अजून धाप लागते तिला."

"मग कंपनीला कळवायचं."

"कितीदा कळवलं! तुमची लिपी सध्या आमच्या कामात बसत नाही, म्हणाले. भाषा खुली असती तर मीच आत शिरून दुरुस्त केली असती."

"तू?" खंडेराव हसले. ते हसले म्हणून पहिली रांग हसली, मग दुसरी. "अगं, पाटी इंग्रजीत लाव. विषय संपला."

मराठीच जेमतेम वाचणाऱ्या काशीबाईसाठी इंग्रजीत! ज्ञानेश्वरीला राग येईल असं वाटलं होतं. आली ती किळस. या माणसाचे प्रोग्राम आपण लिहितो आणि खाली सही याची असते, हे आठवून स्वतःचीही थोडी आली.

"भाषा बंदच राहावी, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा," खंडेराव म्हणाले. भराभर हात वर गेले. कुणी मोबाइलमधून मानही न काढता हात उचलला.

"विरोधात?"

ज्ञानेश्वरीने उजवा हात वर केला. एकटीनेच.

खंडेरावांनी माइकवर तळवा ठेवला. "हात खाली घे. उद्या कामावर यायचंय ना?"

तिने घेतला नाही. तळवा माइकवरून निघाला.

"ठराव एकमताने मंजूर!"

टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. चहाचा ट्रे घेऊन ठकी रांगेतून फिरत तिच्यापाशी आली.

"ताय, संपलं ना समदं? हात खाली घे, दुखंल."

"चहा दे," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि तिने डाव्या हाताने कप उचलला.