आठचा फोन

मेंदूच्या प्रयोगशाळेत ती उंदीर सांभाळायची. ठरल्या वेळी खाऊ मिळाला की उंदराच्या मेंदूतलं डोपामिन हे सुखाचं रसायन ढिम्म हलत नसे. अवचित मिळाला की टुणकन उसळी घेई. अशा अवचित खाऊच्या नादात सात नंबरचा उंदीर तर पिंजऱ्यातला खटका दाबायचं थांबायलाच तयार नव्हता.

बाबांचंही तसंच होतं. रोज आठला येणारा तिचा फोन ते जांभई देत घ्यायचे, "जेवलीस ना? ठेव मग." भाऊ महिन्यातून कधीतरी फोन करायचा, तर त्याचं गल्लीभर कौतुक! शेवटी तिने उंदरांकडून अक्कल घेतली आणि आठची वेळ मोडून टाकली. कधी पहाटे फोन, कधी भरदुपारी, कधी चार दिवस नाहीच. बाबा पहिल्याच घंटीला फोन उचलू लागले. लेक स्वतःवरच खूश.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी तिला फोन केला. "अगं, तुझे बाबा घराबाहेरच पडत नाहीत. जेवतात की नाही, देव जाणे. ये बाई लवकर."

ती धावत आली. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. गालफडं आत गेलेली, काकूंनी दिलेलं ताट तसंच झाकलेलं, नजर हातातल्या फोनवर.

"बाबा, इकडे बघा ना! मी आलेय!"



बाबांनी फोनवरची नजर काढली नाही. "हळू बोल गं जरा. तुझा फोन येईल आत्ता."