मधली जागा

माझे पेशंट माझ्याकडे काचेच्या पट्टीवरून येतात. गाठीचा पातळ काप, गुलाबी-जांभळा रंगवलेला. ही बाई मात्र स्वतःच्या पायांनी प्रयोगशाळेत आली. म्हणाली, “माझ्या गर्भाशयातून काढलंत ते मला बघायचंय.” मी सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे केला. “दुर्मीळ कॅन्सर आहे. इकडे पेशी घोळक्याने बसल्यात, तिकडे लांबट, सैरभैर. वाटावं दोन वेगळे आजार. पण मूळ एकच, आतलं अस्तर. तिथल्याच काही पेशींनी रूप पालटलंय.” ती हसली. “माझ्या लेकींसारखंच की! एकाच पोटच्या, पण छत्तीसचा आकडा. एकमेकींशी बोलतात त्या माझ्यामार्फत. त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा मीच मधे उभी होते.” मग भिंगावरून डोळा न हलवता विचारलं, “किती दिवस?” असं विचारणाऱ्यांना मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे धाडते. तिला धाडवेना. “पसरलाय. औषधं देतील, पण वर्षाच्या पुढचं मला बोलवत नाही.” “सांगितलंत, बरं झालं.” तिने चष्मा पुसला, दार उघडलं. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. बाहेर बाकाच्या दोन टोकांना दोघी लेकी, तोंडं फिरवून बसलेल्या. मधली जागा आईची. तिथे तिची पिशवी ठेवलेली. थोरलीने पिशवी उचलून आईच्या हातात दिली. “बस, आई.” “मधे नको. आजपासून मी कडेला बसणार. सरक तिच्याकडे.” थोरली ढिम्म हलेना. आईही बसेना, पिशवी धरून उभीच राहिली. शेवटी धाकटीच सरकली.