आठवं लाटणं

"काकू, काका दिवसभर घरी करतात काय?" डॉक्टर इशितानं विचारलं आणि उषाताईंनी नवऱ्याच्या आधी तोंड उघडलं.

"काही नाही. पेपर वाचतात."

स्टुलावर उघड्या हातांनी बसलेल्या प्रभाकररावांनी चमकून बायकोकडे पाहिलं. हीच थाप मारायची म्हणून सकाळपासून ते मनाशी घोकत होते. मागच्या अंगणातला आपला लाकूड कातायचा खराद बाहेर फेकायला ही बाई टपून बसली आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. रोजचं तेच तर होतं: कान किटले, आमटीत भुसा आला, वाळत घातलेल्या साड्या लाल झाल्या. बायकोची कुठली तक्रार खरी आणि कुठली नुसती सवय मोडू नये म्हणून केलेली, हे चौतीस वर्षांत त्यांना उमगलं नव्हतं.

उषाताईंचा हिशेब वेगळा होता. नवरा बँकेच्या ऑडिटमधून रिटायर झाला आणि सोमवारपासून स्वयंपाकघर तपासायला लागला. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या, चिठ्ठ्यांवर तारखा आल्या. फोडणी टाकताना पाठीमागून प्रश्न यायचा, "मोहरी आधी का?" मग पुतण्या सुमीतनं काकांना तो खराद आणून दिला. तेव्हापासून नऊ ते एक अंगण त्यांचं आणि ओटा उषाताईंचा. कुकरच्या वाफेनं चिठ्ठ्या एकेक करून गळून पडल्या, उषाताईंनी उचलल्या नाहीत. आज डॉक्टरनं मशीन बंद करायला सांगितलं, तर उद्या नऊ वाजता ओट्यापाशी कोण उभं राहणार, हे त्यांना डोळे मिटून दिसत होतं.

इशितानं दिवा जवळ ओढला. मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ, मानेवर पुरळ, पापण्या सुजलेल्या. घड्याळाच्या पट्ट्याखाली मात्र गोरी पट्टी. आणि नाक-तोंड स्वच्छ, जसं कुणी आखून सोडलेलं.

"पेपर मास्क लावून वाचतात का काका?"

"बाहेर धूळ किती आहे, बघतेस ना," उषाताई म्हणाल्या. "आपल्या फ्रीगंजमध्ये तर विचारूच नको."

"वांगं बंद केलं आहे," प्रभाकरराव घाईनं म्हणाले. "साबण पण बदलला."

इशितानं त्यांच्या कानामागून काहीतरी चिमटीत उचललं आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर ठेवलं. तांबूस लाकडाची बारीक, गोल वळलेली ढलपी.

"मला सांगू नका, ठीक आहे," ती म्हणाली. "पण हे असंच चाललं तर आज डोळे आहेत, उद्या छाती. धाप लागायला लागली की मलम नाही उपयोगाचं."

प्रभाकरराव खाली बघून घड्याळाच्या पट्ट्यानं हळूच मनगट खाजवत होते, कुणाला दिसत नाही अशा समजुतीत. उषाताईंना दिसत होतं. सुजलेल्या पापण्यांमुळे त्यांचा चेहरा शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा झाला होता. त्यांनी पदर सारखा केला.

"खराद आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या अंगणात. पाच महिने झाले."

"उषा," प्रभाकरराव इतकंच म्हणाले. आपलाच साक्षीदार फुटल्यावर माणूस बोलतो, तेवढ्या आवाजात.

"थांबा हो. पहिले तीन महिने काही नव्हतं, ते पण ऐक इशिता. तेव्हा बाभूळ होती. सात लाटणी केली ह्यांनी. घरात माणसं दोन, लाटणी सात, पण अंगावर फोड म्हणून नाही. मग गणपतीत शीशमचं लाकूड आणलं, डब्यांना झाकणं करायला. चौथ्या दिवशी मान लाल. दहाव्या दिवशी डोळे. मधे सहा दिवस देवासला लेकीकडे होतो, तर सगळं उतरलं. आल्यावर झाकणं सुरू, खाज सुरू."

इशिताचं लिहिणं थांबलं. "काकू, असं नीट तर कुणीच सांगत नाही मला."

"तू हे लिहून ठेवलं होतंस?" प्रभाकररावांमधला ऑडिटर जागा झाला.

"लिहायचं कशाला? तुमचं तोंड समोरच असतं."

"मशीनशी माझं भांडण नाही," इशिता म्हणाली. "शीशम घराबाहेर काढा. जुना भुसा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, काम झालं की लगेच आंघोळ. आता पंधरा दिवस सुट्टी. नंतर बाभूळ करून बघा, त्यानं पण उठलं तर सरळ इकडे."

"पंधरा दिवस?" उषाताईंच्या तोंडून निघून गेलं. "आठ नाही चालणार?"

इशितानं मान वर केली. "खराद काका चालवतात की तुम्ही?"

जिना उतरताना प्रभाकरराव तिसऱ्या पायरीवर थांबले.

"तुला तर तो काढून टाकायचा होता ना?"

"होताच. पण तुमचं मन कशाला मोडा."

हेही त्यांनी खरं धरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते सुजेमुळे की कशामुळे, उषाताईंनी विचारलं नाही.

"सुट्टी संपली की देवास गेटच्या वखारीतून बाभूळ घेऊन येतो," ते म्हणाले. "पहिली वस्तू तुझ्यासाठी. सांग, काय करू?"

उषाताईंनी क्षणभर विचार केला.

"लाटणं करा."

"अजून एक?"

"हो. आणि घाई नको," त्या म्हणाल्या. "चांगले दोन-तीन महिने घ्या."